उसातले दगड

मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांमधून जाताना सगळ्यात आधी नजरेत भरतात ते दगडांचे ढीग. हिरव्यागार उसाच्या मधोमध काळ्या कातळाचे हे ढीग उभे आहेत. कुठे पुरुषभर उंच, कुठे त्याच्या दुप्पट. काही नुसते टाकल्यासारखे दिसतात. काही मात्र कडा सरळ राखून, मोठ्या दगडांच्या फटीत लहान दगड बसवून नीट रचलेले आहेत. चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड, आणि इतकी वादळे सोसूनही ते जागचे हललेले नाहीत.

मी कोकणात वाढलो. ती रचणूक पाहताच मला आमचा गडगा आठवला. शेताच्या, परड्याच्या कडेला सुक्या दगडांचा जो बांध घालतात, तो गडगा. गडगा घालणारा माणूस दगड उचलला की आधी हातात फिरवतो, त्याचे तोंड कुठे आहे ते बघतो आणि मगच ठेवतो. घाईने ठेवलेला दगड पहिल्या पावसातच खाली येतो.

माझ्याबरोबर तिथल्या शाळेत मराठी शिकवणारे एक गुरुजी होते. हे ढीग कोणी रचले, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला लागायचे. आमच्या लोकांनी वेचले. आणि आमच्या आधी जे इथे होते, त्यांनीपण."

त्या उत्तराचा दुसरा भाग त्यांनी सहज जोडला होता. पण मॉरिशसचा इतिहास समजून घ्यायचा तर तो दुसरा भाग सोडून चालत नाही, हे मला पुढच्या दिवसांत कळत गेले.

दगडाविषयी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त उगमातून लाव्हा वर आला आणि दख्खनचे पठार घडले, त्याच उगमावरून पृथ्वीचे कवच सरकत गेले आणि वाटेत मालदीव, चागोस आणि शेवटी मॉरिशस, रेयुनियन ही बेटे तयार झाली. मॉरिशसचे वय त्या मानाने कोवळे, सुमारे ८० लाख वर्षांचे. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण आणि मॉरिशसच्या उसातला दगड एकाच चुलीवरचे. रत्नागिरीच्या कातळावर नांगर धरणारा माणूस हजारो मैल समुद्र ओलांडून गेला, आणि तिथेही त्याच्या पुढ्यात तोच दगड आला.

साखरेचा हिशेब

मॉरिशस हे क्षेत्रफळाने साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचे बेट. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम चतुर्थांश. तिथे मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. १६३८ मध्ये डच आले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. पुढे फ्रेंचांनी ते ताब्यात घेतले आणि मादागास्कर, मोझांबिक आणि काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही माणसे गुलाम म्हणून आणून बसवली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर निघाला, तिला वेस्ट इंडीजच्या साखरेइतक्याच करात इंग्लंडची बाजारपेठ मिळाली आणि बेटभर ऊस पसरला.

दहा वर्षांत, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. त्या वेळी बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. नुकसानभरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, सुमारे २१ लाख पौंड. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना काही मिळाले नाही. उलट, 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना जुन्याच मालकांकडे राबावे लागले. १८३९ मध्ये ती सक्ती संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ज्या मातीत चाबूक खाल्ला तिथे परत कोण जाणार?

मळेवाल्यांनी ह्याची तजवीज आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. ठरावीक वर्षांचा करार, ठरलेला पगार आणि शिधा, असा तो व्यवहार. ब्रिटिश सरकारने त्याला 'महान प्रयोग' म्हटले. मुक्त मजुरांची साखर गुलामांच्या साखरेपेक्षा स्वस्त पडते का, हे जगाला दाखवायचे होते. प्रयोग मालकांच्या मनासारखा झाला. १८५० च्या दशकात मॉरिशसची साखर वर्षाला एक लाख टनांच्या पुढे गेली. इथून मग गयाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी अशी ती पद्धत वसाहतींत पसरली. 'अ‍ॅग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि करारावर गेलेला माणूस गिरमिटिया झाला.

एकट्या मॉरिशसमध्ये सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी आले. सर्वाधिक कलकत्ता बंदरातून, म्हणजे बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातून. त्यानंतर मद्रास. मुंबईहून सर्वांत कमी. मुंबईहून गेलेल्यांतले पुष्कळजण रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे होते. साधारण एक तृतीयांश लोक कधी ना कधी परत आले. बाकीचे तिथल्याच मातीचे झाले.

मुंबईहून त्यांच्याही आधी काही माणसे तिथे पोहोचली होती, ती बेड्या घालून. १८१५ ते १८३७ ह्या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले सुमारे दीड हजार कैदी रस्ते बांधण्यासाठी मॉरिशसला पाठवले गेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला तेव्हा हे हिंदुस्थानी कैदी त्याने पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्याविषयी लिहिले. मॉरिशसचे रस्ते तयार झाले तेही असे.

घाटाच्या पायऱ्या

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. जागा फार मोठी नाही, १,६४० चौरस मीटर. गिरमिटियांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये इथे डेपो उभा राहिला. लोक त्याला कुली घाट म्हणत. कित्येक आठवड्यांचा प्रवास करून आलेली माणसे बोटीतून उतरत, दगडी पायऱ्या चढत आणि ह्या आवारात येत. आवारात दवाखान्याची खोली, स्वयंपाकाची जागा, निजायच्या पडव्या आणि संडास ह्यांचे अवशेष आहेत. साधारण दोन दिवस इथे ठेवून मग एकेका मळ्याकडे रवानगी होई.

मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा एक शाळकरी वर्ग आला. शिक्षिका क्रिओल ह्या तिथल्या बोलीत बोलत होत्या. मुलांच्या चेहऱ्यांत आफ्रिका होती, बिहार होता, चीन होता, आमचे कोकणही असेल. त्यांनी मुलांना एकेक पायरी मोजत चढायला लावले आणि वर पोहोचल्यावर गप्प उभे राहायला सांगितले. मग विचारले, "आता तुमच्या हातात काय आहे?" मुलांनी हात पाहिले. कुणी म्हणाले, पाण्याची बाटली. कुणी म्हणाले, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे एक गाठोडे होते. वर आल्यावर एक नंबर मिळाला."

ही जागा अशी राखली गेली, त्यामागेही लोकांची धडपड आहे. बिक्रमसिंग रामलाल ह्यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, तेव्हा पडीक डेपोकडे देशाचे लक्ष गेले. १९८७ मध्ये ती राष्ट्रीय वास्तू ठरली आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच यादीत ल मोर्न हा डोंगरही गेला. मळ्यांतून पळालेले गुलाम त्या कड्याकपारींत लपून राहत. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टीचे आहेत. पहिला गुलामीच्या अंताचा, दुसरा गिरमिटियांच्या आगमनाचा.

गुरुजी मला म्हणाले, "पूर्वी आफ्रिकी वंशाची क्रिओल मुले ल मोर्नला जायची आणि आमची मुले घाटावर. आता आम्ही सगळ्यांना दोन्हीकडे नेतो." हे वाटते तितके सोपे नाही. गिरमिटिये आले म्हणून मजुरी पडली आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या हातचा घास गेला, ही सल तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत आहे, आणि तिला आधार आहे. मॉरिशसने २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि गिरमिट ह्या दोन्हींचे परिणाम त्याने एकत्र तपासले आणि २०११ मध्ये अहवाल दिला. एकमेकांच्या दुःखाची तुलना न करता एकाच वर्गात बसून दोन्ही शिकायचे, असा तो रस्ता आहे.

कागदातला माणूस

मोका इथे महात्मा गांधी संस्था आहे. गिरमिटियांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत त्यांची नोंद झाली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज, मळा. आणि अंगावरची खूण: देवीचे व्रण, भाजल्याचा डाग, गोंदण. १८६० च्या दशकापासून फोटोही आहेत. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच बसलेली ही माणसे सरळ आपल्याकडे बघतात. त्यांतल्या एकाही चेहऱ्यावर हसू मला दिसले नाही.

गावांची नावे मात्र वाचताना दम लागतो. कोकणी माणसाने सांगितलेले नाव, कारकुनाने ऐकलेले, त्याच्या इंग्रजीत उतरलेले. एकाच नावाची तीन-तीन गावे आपल्याकडे आहेत, त्यातले नेमके कुठले? आडनाव बहुधा नसतेच. पुढे बापाचे किंवा आजोबाचे नावच आडनाव झाले. म्हणून आजही मॉरिशसमध्ये तुकाराम, सखाराम, बाबाजी, बापू अशी आडनावे भेटतात. आपल्याकडे जी हाक होती ती तिथे घराण्याचे नाव झाली.

ह्या वह्या सरकारने प्रेमाने ठेवल्या नव्हत्या. पळालेला मजूर पकडता यावा म्हणून त्या होत्या. कराराचा साधारण नियम असा: पाच वर्षे, पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तेल, मीठ. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. मळेवाल्यांच्या बोलीत ह्याला 'डबल कट' म्हणत. आजारी माणूस महिनाअखेर स्वतःच मालकाचे देणे लागे. १८६७ च्या कायद्याने तर करार पूर्ण केलेल्या जुन्या मजुरांनाही फोटोचे तिकीट आणि पोलिसांचा पास खिशात ठेवणे भाग पाडले. पास नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात. हा कायदा आला तेव्हा मलेरियाची भयंकर साथ बेटावर चालू होती आणि माणसे हजारांनी मरत होती.

तरीही लोक बोलले. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ ह्या गोऱ्या मळेवाल्याच्या मदतीने जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ सह्या होत्या. मळेवाल्यांनी द प्लेविट्झला बेटाबाहेर घालवण्याची मागणी केली, रस्त्यात त्याच्यावर हल्लाही झाला. पण शाही आयोग आला, त्याने १८७५ मध्ये अहवाल दिला आणि १८७८ मध्ये मजुरांचा कायदा बदलला.

आज ह्या वह्या पकडण्यासाठी उघडत नाहीत, शोधण्यासाठी उघडतात. भारताच्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी पूर्वजाचा पुरावा लागतो म्हणून काहीजण येतात. काहीजण नुसतेच येतात. मी तिथे होतो त्या दिवशी एक वयस्क बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांना पणजोबाचा नंबर सापडला. नातू तो मोबाइलमध्ये टिपून घेत होता. आजी त्याला म्हणाल्या, "हाताने लिही." त्याने कागद मागून घेतला आणि हाताने लिहिला.

बैठका

ह्या बेटावरचे लोकशिक्षण सरकारी शाळेत सुरू झाले नाही. ते सुरू झाले बैठकांत. मळ्याच्या कॅम्पमध्ये गवताने शाकारलेली एक खोली असे. दिवसभर उसात राबलेले लोक संध्याकाळी तिथे जमत. कुणीतरी पोथी वाचे, कुणी भांडण मिटवे, कुणी मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावे. मुले दिवा घेऊन येत.

ह्या बैठकांनी पुढे काय केले ते बघण्यासारखे आहे. १९४७ च्या नव्या राज्यघटनेने मताचा हक्क वाढवला. बेटावरच्या मान्य भाषांपैकी एकीत साधे वाक्य लिहिता-वाचता आले तरी मत मिळणार होते. बासदेव विष्णुदयाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव स्वयंसेवक पाठवले. बैठकांत प्रौढ बायकापुरुष नाव लिहायला शिकले. आधी जेमतेम १२ हजार मतदार होते, १९४८ च्या निवडणुकीत ते ७० हजारांच्या वर गेले. त्यांना अक्षर आले आणि सत्तेचा काटा फिरला. वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ रोजी, देश स्वतंत्र झाला. १२ मार्च हा दांडीयात्रेचाही दिवस.

ह्या वाटेवर रक्तही सांडले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल इथे आंदोलन करणाऱ्या मजुरांवर गोळीबार झाला आणि अंजलाय कूपन ही गरोदर मजूर स्त्री त्यात मारली गेली. तिच्या नावाचे मोठे मैदान आज देशात आहे. गिरमिटाच्या गोष्टीत बायका बहुधा कुणाची तरी पत्नी म्हणून येतात. अंजलाय स्वतःच्या नावाने येते, म्हणून ती मुलांना सांगितलीच पाहिजे, असे मला तिथल्या दोन शिक्षिकांनी बजावून सांगितले.

झाकरी

मराठी समाज मॉरिशसमध्ये लहान आहे. वाकवा, हेन्रिएटा, कास्कावेल आणि ब्लॅक रिव्हरकडचा भाग इथे तो जास्त आढळतो. १८९६ मध्ये हेन्रिएटातल्या एका मराठी घरी पहिला गणपती बसला असे मानतात. आज गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. मराठी प्राथमिक शाळांत शिकवली जाते आणि महात्मा गांधी संस्थेत वरच्या वर्गांपर्यंत शिकता येते.

कास्कावेलमध्ये एका अंगणात मी झाकरीची तालीम पाहिली. हे नाव ऐकूनच कोकणातला माणूस कान टवकारील. आपल्याकडची जाखडी, मुंबईकर जिला बाल्या नाच म्हणतात, ती तिथे झाकरी झाली. मधे ढोलकीवाला आणि गाणारा, भोवती रिंगण. एक ओळ गाणारा म्हणतो, बाकीचे उचलून धरतात. वाकून, एक पाय पुढे टाकून, मग झटकन मागे. आमच्या गावी नाचणाऱ्यांच्या पायात चाळ असतात, इथे त्या तालमीत नव्हते. पण पाय टाकायची लकब तीच होती.

गाण्यातले निम्मे शब्द मला कळत नव्हते, आणि गाणाऱ्यांनाही सगळे कळत होते असे नाही. शेजारी बसलेल्या आजींना घरात क्रिओल बोलायची सवय. मराठी त्यांना येत होती ती गाण्यातली, देवातली आणि नात्यांच्या नावांतली. त्यांची शाळकरी नात मात्र पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलत होती. ती मला म्हणाली, "आजीला गाणे येते, पण अर्थ येत नाही. मला अर्थ शिकवतात, पण हे शब्द पुस्तकात नाहीत." मग आम्ही तिघे एका कडव्यावर बसलो. दोन शब्द मला ओळखता आले, ते आमच्याकडच्या शेतीतले होते. एक आजींनी सांगितला. एक आमच्या तिघांच्याही हाती लागला नाही. नातीने तो वहीत लिहून ठेवला आणि त्याखाली रेघ मारली.

दोन देशांनी एकत्र शिकायचे म्हणजे काय, हे त्या अंगणात मला दिसले. गाणे त्यांच्याकडे राहिले, त्यातले शब्द उगवले ती माती आपल्याकडे राहिली. दोन्ही जोडल्याशिवाय कडवे पुरे होत नाही.

निघताना गुरुजींनी विचारले, "तुमच्या शाळेत आमच्याबद्दल काय शिकवतात?" माझ्या शाळेत तरी काहीच शिकवले नव्हते. मी तसे सांगितले.

इकडचा किनारा

परत आल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, आम्ही दहाबारा जण जमलो. मॉरिशसहून आणलेल्या गावांच्या नावांची यादी मी वाचून दाखवली. इंग्रजी कारकुनाने लिहिलेले नाव मोठ्याने म्हटले की कुणीतरी म्हणे, "अरे, हे तर खाडीपलीकडचं." तीन नावे अशी उलगडली. मग एक काका उठले आणि आम्हाला देवळामागच्या रानात घेऊन गेले. तिथे झाडीत एक पडके जोते होते, बाजूने ढासळलेला गडगा. "हे कोण होते, ते आमच्या आजालाही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "गेले, एवढंच सांगायचा." हे जोते गिरमिटियाचेच असेल असे म्हणायला कुठलाही आधार नाही. मुंबईला, गिरणीत, गोदीत, पलटणीत, कुठेही गेले असतील. पण 'गेले' ह्या एका शब्दात आपण किती माणसे झाकून टाकली, हे त्या जोत्यापाशी उभे राहून जाणवले.

का गेले, हे मात्र आपण सांगू शकतो. कोकणात खोती होती. सारा गोळा करणारा खोत आणि त्याच्या हाताखाली कसणारे कुळ. पिकातला मोठा वाटा खोताचा, शिवाय वेठ. रेल्वे आली, १८५४ नंतर मुंबईत गिरण्या निघू लागल्या, आणि कोकणचा माणूस मुंबईच्या वाटेला लागला. त्याच्या आधीच्या दशकांत कर्जात बुडालेल्या कुळाला मुंबई बंदरातला भरतीवाला भेटे. म्हणजे मॉरिशसला गेलेला आणि लालबागला गेलेला हे एकाच घरचे दोन भाऊ. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, पुढच्या वर्षी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, आणि १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. हा धडा आपल्या पुस्तकांत जिथे येतो तिथेच, त्याच्या शेजारी, समुद्रापार गेलेल्या कुळांची गोष्टही यायला हवी.

गिरमिट बंद पाडण्यातही कोकणचा हात आहे. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९१० मध्ये नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला, तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण गिरमिट पद्धतच रद्द करा असा ठराव आणला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. पण देशभर वातावरण तापले आणि १९१७ मध्ये भरती थांबली. गोखले ते पाहायला राहिले नव्हते. १९१५ मध्ये ते गेले.

कोलकात्यात खिदिरपूरला गिरमिटियांचे स्मारक आहे. मुंबई बंदरावर असे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही. मॉरिशसमध्ये २०२३ मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला, आपले नेते तिथे गेले, त्याच्या बातम्या झाल्या. पुतळ्याचा अभिमान मलाही आहे. पण तिथल्या मराठी माणसाने माझ्याकडे मागितले होते ते गावाचे नाव आणि एका शब्दाचा अर्थ.

खाडा

ही गोष्ट इथे संपवता आली असती. पण ज्याने 'डबल कट' वाचले आहे, त्याला बीडमधल्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीत बसून एक शब्द ऐकला की स्वस्थ बसता येत नाही. तो शब्द खाडा.

दरवर्षी मराठवाड्यातून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. आधी मुकादम उचल देतो, ती हंगामभर तोडून फेडायची. मॉरिशसच्या मळ्यावर मजुरांकडून काम करून घेणारा सरदार होता, इथे मुकादम आहे. आजारपणामुळे एक दिवस चुकला तर तो खाडा, आणि त्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या, बाळंतपणाच्या दिवसांतही खाडा धरला जातो. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिकजणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे एकच कारण नाही, पण खाड्याची धास्ती ही त्यातली एक, असे बायका स्वतः सांगतात.

गुलामगिरी, गिरमिट आणि ऊसतोड ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या कामगाराला मत आहे, संघटना आहे, कोर्ट आहे. त्यांना एकाच मापाने मोजणे तिघांवरही अन्याय होईल. तरीही साखर स्वस्त ठेवायची तर माणूस आगाऊ पैशाने बांधायचा आणि चुकलेला दिवस त्याच्याच अंगावर टाकायचा, ही युक्ती समुद्र ओलांडून आणि पावणेदोनशे वर्षे ओलांडून जशीच्या तशी टिकली आहे. मॉरिशसचा इतिहास आपण शिकायचा तो ह्यासाठी.

म्हणून माझे मागणे साधे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळांनी मॉरिशसमधल्या मराठी वर्गांशी जोडून घ्यावे. तिकडच्या मुलांनी वहीतली नावे पाठवावीत, इकडच्या मुलांनी गावे ओळखावीत. झाकरीची गाणी आणि जाखडीची गाणी एका वहीत यावीत, कळलेले शब्द आणि न कळलेले शब्दही. १ मे आला की मॉरिशसचा मराठी समाज महाराष्ट्र दिन साजरा करतो. तिथे आणि इथे तो कामगार दिनही आहे. त्या दिवशी दोन्ही किनाऱ्यांवर ऊस तोडणाऱ्या माणसाविषयी एक तास तरी बोलले जावे.

मध्यंतरी मी बीडच्या एका तांड्यावर होतो. मोकाच्या संस्थेत पाहिलेल्या वह्यांविषयी मी तिथल्या एका ताईंना सांगत होतो. नाव, उंची, खूण, फोटो, प्रत्येकाचा वेगळा नंबर, आणि दीडशे वर्षांनी नातवाला तो सापडतो, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं असं कुठं लिवलेलं नाही, भाऊ. मुकादमाच्या वहीत हाय, पण ती मालकाच्या नावानं."

त्यांच्या नवऱ्याने ती वही मला नंतर दाखवली. नवराबायकोची जोडी मिळून कामाचे एक एकक धरतात, त्याला कोयता म्हणतात. वहीत नवऱ्याचे नाव होते, पुढे उचलीचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात लिहिले होते: कोयता १.